साखरपुडा लातुरात, लग्न अमेरिकेत : के-१ व्हिसाची फाईल कुठं अडते

फाईल घेऊन जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांची चूक बहुतेक वेळा फॉर्म भरताना झालेली नसते. ती मंगल कार्यालयातच झालेली असते, आणि तिचा अल्बमही छापून आलेला असतो. म्हणून फॉर्मच्या आधीच्या गोष्टींवर इथं जास्त लिहिलंय.

के-१ म्हणजे ठरलेल्या, पण अजून न झालेल्या लग्नाचा व्हिसा. अमेरिकेचा नागरिक तिकडे अर्ज करतो, त्याची नियोजित वधू मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देते, व्हिसा घेऊन तिकडे उतरते आणि उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याच माणसाशी लग्न करते. मी ‘मुलगी इथली, मुलगा तिकडचा’ असं धरून चाललोय. उलट असेल तरी नियम तेच.

## टप्पा १ : मुलगा नेमका कोण आहे ते कागदावर पाहा

‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढ्यावर सोयरीक जमते, व्हिसा जमत नाही. तिकडे राहणारा मुलगा साधारण तीनपैकी एक असतो: एच-१बी वर नोकरीला गेलेला, ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक. के-१ फक्त नागरिकाला मागता येतो. एच-१बी वाल्याशी आधी लग्न करायचं आणि मग मुलीनं एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा व्हिसा, घ्यायचा. ग्रीन कार्डवाल्यानंही आधी लग्न करायचं आणि मग पत्नीसाठी अर्ज करून रांगेत थांबायचं. या दोघांच्या बाबतीत के-१ चा विचारच करू नका.

बायोडाटावर ‘यूएस सेटल्ड’ लिहिलेलं असतं, त्याला काही किंमत नाही. अमेरिकन पासपोर्टचं पहिलं पान किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाहा. सोयऱ्याला कागद मागायचा कसा, हा संकोच मला कळतो. पण पत्रिका मागताना तो आडवा येत नाही.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. त्याचं आधी लग्न झालं होतं का, आणि त्यानं आधी कुणासाठी के-१ चा अर्ज केला होता का. आधी दोन किंवा जास्त अर्ज केले असतील, किंवा गेल्या दोन वर्षांत एक मंजूर झाला असेल, तर त्याला वेगळी सूट मागावी लागते. काही गंभीर गुन्ह्यांतली शिक्षाही त्याला फॉर्ममध्ये सांगावी लागते.

सावधान : ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊ, तिकडे लग्न करू आणि राहू’ हा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. मनात एक ठेवून अधिकाऱ्याला दुसरंच सांगणं ही खोटी माहिती ठरते. तो ठपका बसला की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

## टप्पा २ : लग्न इथं की तिथं, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त फायली इथं बुडतात.

के-१ ला तुम्ही अविवाहित असायला हवं. आपल्याकडे सर्रास समज असा की नोंदणी केली नाही म्हणजे लग्न झालं नाही. हे चूक आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे रूढीनुसार विधी झाले की लग्न होतं, आणि सप्तपदी असेल तिथं सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. नोंदणी हा पुरावा आहे. ती केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, असं कलम ८ मध्येच लिहिलंय. मुस्लिम घरांत हाच घोळ वेगळ्या तऱ्हेनं होतो. ‘निकाह झालाय, रुख्सती व्हिसा आल्यावर करू’ असं ठरतं. निकाह झाला म्हणजे लग्न झालं. रुख्सती बाकी आहे हे वकिलातीला सांगून उपयोग नाही.

आता साखरपुडा. आपल्याकडचा साखरपुडा लहान राहिलेला नाही. हॉल, पाचशे माणसांचं जेवण, स्टेज, हार. पाहुणे जमलेच आहेत तर लग्नच उरकून टाकू, असा प्रस्ताव कुणीतरी वडीलधारा टाकतो आणि दोन तासांत अक्षता पडतात. खर्च वाचतो हे खरं. के-१ मात्र तिथंच संपतो.

लग्न उरकलं नाही तरी फोटो घात करतात. माझ्या ओळखीतल्या एका घरात फोटोग्राफरनं हौसेनं दोघांना मुंडावळ्या बांधल्या. वर आत्यानं भरलेला हिरवा चुडा. मुलाखतीत अल्बम पुढे ठेवल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, हे लग्न नाही तर काय आहे? मुलगी खरं बोलत होती, पण दाखवायला तोच अल्बम होता. फाईल तिकडे परत गेली. शेवटी त्यांनी रीतसर लग्न लावलं आणि पत्नीच्या अर्जापासून, म्हणजे आय-१३० पासून, पुन्हा सुरुवात केली. दीड वर्ष गेलं.

साखरपुड्यात काय टाळायचं ते घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आत्या-मावशांना आणि फोटोग्राफरला, आधीच सांगा. मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, जोडवी, होम, मंगलाष्टकं यातलं काही नको. कुंकू लावणं, साडी देणं, अंगठ्या घालणं, पेढा भरवणं चालतं. निमंत्रणावर ‘साखरपुडा’ हाच शब्द छापा, ‘शुभविवाह’चा तयार नमुना वापरू नका. व्हॉट्सअॅप स्टेटसला ‘आमचे जावईबापू’ लिहिणाऱ्या काकांनाही आवरा.

आणि हे सगळं खोटं लपवण्यासाठी वापरायचं नाही. विधी झाले असतील तर तुम्ही विवाहित आहात, मग के-१ भरू नका.

माझं मत विचाराल तर, आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखत इथं लग्न लावायची ओढ घरात असेल, तर सरळ लग्न लावा, नोंदणी करा आणि आय-१३० भरा. वेळ जास्त लागेल, पण मुलगी तिकडे उतरते ती ग्रीन कार्डच्या हक्कानं. के-१ त्यांच्यासाठी आहे, ज्यांना लग्न खरंच तिकडे करायचंय.

## टप्पा ३ : दोघं भेटलेत का, आणि कधी

अर्ज टाकायच्या तारखेच्या आधीच्या २ वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉल ही भेट नाही. मुलाचे आईवडील येऊन मुलगी पाहून गेले, हीसुद्धा भेट नाही.

रूढीमुळे भेटता आलं नाही म्हणून सूट मागायची तरतूद आहे. पण आपल्याकडे पाहण्याचा कार्यक्रम ही रूढीच आहे, म्हणजे ती सबब आपणच मोडून ठेवलीय. मुलाला तिकीट काढून येऊ द्या.

तो आला की पुरावा त्याच आठवड्यात गोळा करा: पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, बोर्डिंग पास, विमानाचं तिकीट, हॉटेलचं बिल, दोघांचे फोटो. वेरूळला किंवा तुळजापूरला जाऊन आलात तर तिथलाही एखादा. फोटोमागे तारीख, ठिकाण आणि सोबत कोण होतं ते लिहा. नुसते स्टुडिओतले फोटो नकोत. घरच्या ओसरीवर दहा माणसांत चहा पिताना काढलेला फोटो जास्त बोलतो.

तपासा : भेटीची तारीख आणि अर्जाची तारीख यांत २ वर्षांपेक्षा कमी अंतर आहे ना? साखरपुड्यानंतर ‘शिक्षण होऊ द्या’ म्हणत थांबलेली घरं इथं हमखास चुकतात.

## टप्पा ४ : मुलीचे कागद, अर्जाच्या आधी

बहुतेक जण हे काम मुलाखतीच्या पत्रानंतर काढतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे मुलगी राहते उदगीरला, शाळा उदगीरची, आणि जन्माची नोंद मात्र आजोळच्या गावी, कंधार नाहीतर गेवराई तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत. वडील चार खेटे उदगीर नगरपरिषदेत घालतात आणि ‘नोंद सापडत नाही’ ऐकून परततात. आधी मुलीच्या आईला विचारा: बाळंतपण कुठं झालं, घरी की दवाखान्यात? तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद त्या शहरात असेल, आजोळच्या गावात नाही.

नोंद सापडली तरी नावाचा रकाना कोरा असू शकतो, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली असते. नाव घालून घ्या. आईचं नाव माहेरचं लागलंय का सासरचं, तेही पाहा. नोंद नसेलच, तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, जन्म माहीत असलेल्या आईवडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळेची टीसी, असा संच तयार करा. जन्मानंतर वर्ष उलटल्यावरची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही आणि त्याला महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करा.

नाव. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात जोडलेलं असतं, कुणाच्या नसतं. आडनावांची स्पेलिंगं तर विचारू नका. जाधव एका कागदावर ‘व्ही’नं संपतं, दुसऱ्यावर ‘ओ’नं. चव्हाणमध्ये मधला ‘एच’ येतो-जातो. आधार, टीसी, दहावीची सनद, जन्मदाखला आणि पासपोर्ट एका टेबलावर ओळीनं मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. पासपोर्ट हा पाया धरा, बाकीचे त्याला जुळवून घ्या.

लग्नाच्या आधीच सासरचं आडनाव लावून पासपोर्ट बदलू नका. असं केलेलं मी पाहिलंय. त्याचा अर्थ सरळ ‘लग्न झालंय’ असा निघतो.

२०२३ च्या नामांतरानंतर आणखी एक प्रश्न येतो. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, आणि नव्यानं काढलेल्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे लिहा. एवढ्यासाठी पासपोर्ट नवा करायची गरज नाही, विचारलं तर नाव बदललंय एवढं सांगा.

आधीचं लग्न. दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालं असेल तर प्रत्येक लग्न संपल्याचा कागद लागतो: न्यायालयाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. पंचांसमोर बाँडपेपरवर लिहिलेली फारकत किंवा सोडचिठ्ठी आपल्या गावात चालते, मुंबईच्या खिडकीवर चालत नाही. अशी फारकत असेल तर आधी न्यायालयात जा, व्हिसाचं नंतर पाहू.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. खाली भाषांतरकारानं ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे’ असं लिहून, नाव-पत्ता देऊन सही करायची.

## टप्पा ५ : आय-१२९एफ

नियोजित वधूसाठीचा हा अर्ज मुलगा भरतो आणि तिकडच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे पाठवतो. फी २०२४ पासून ६७५ डॉलर आहे. पाठवायच्या दिवशी संकेतस्थळावर फी, ती भरायची पद्धत आणि फॉर्मच्या आवृत्तीची तारीख पुन्हा पाहायला सांगा. जुन्या आवृत्तीचा फॉर्म तसाच परत येतो.

सोबत त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, भेटीचे पुरावे, आधीच्या लग्नांचे कागद आणि दोघांचे फोटो. फोटो २ इंच बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. आपल्या स्टुडिओत सवयीनं निघतो तो पासपोर्ट साइझ वेगळा असतो, त्याला माप लिहूनच द्या.

दोघांनी स्वतंत्र पत्र द्यायचं: आम्ही लग्नाला कायद्यानं मोकळे आहोत आणि आगमनानंतर ९० दिवसांत एकमेकांशी लग्न करायचा आमचा इरादा आहे. मुलीनं आपलं पत्र स्वतः लिहावं आणि शाईच्या पेनानं सही करावी. स्थळ कुणी आणलं, पहिली भेट कुठं झाली, होकार कधी कळवला, हे तारखांसह सांगणारं एक पान मी नेहमी जोडायला लावतो. ठरवून केलेल्या लग्नात प्रेमपत्रं नसतात, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला गोष्ट जुळलेली हवी असते.

फॉर्ममध्ये मुलीचं नाव आणि पत्ता तिच्या लिपीतही विचारलेला आहे. मुलगा तिकडे वाढलेला असेल तर त्याचं देवनागरी यथातथाच असतं, तेवढं तुम्ही लिहून पाठवा. वधू-वर सूचक केंद्रामार्फत जमलं असेल तर आंतरराष्ट्रीय विवाह दलालाचा प्रश्न नीट वाचून उत्तर द्या, घाईत ‘नाही’वर खूण नको.

तपासा : पाठवलेल्या पूर्ण संचाची प्रत मुलीकडे आली का? मुलाखतीत तिला त्याच फॉर्मवरून विचारणार आहेत. ‘सगळं त्यांनी भरलंय, मला माहीत नाही’ हे उत्तर फार महागात पडतं.

## टप्पा ६ : मधला काळ

पावती येते, मग काही महिने काहीच येत नाही. जास्तीचा पुरावा मागितला तर दिलेल्या मुदतीत, एकदाच आणि पूर्ण द्या. तुकड्या-तुकड्यानं पाठवू नका.

मंजुरीनंतर फाईल नॅशनल व्हिसा सेंटरमधून मुंबईकडे येते आणि प्रकरण क्रमांक मिळतो. तो ‘बीएमबी’ या अक्षरांनी सुरू होतो. मंजुरी ४ महिने चालते. ती संपली तर वकिलात वाढवू शकते, पण त्या भरवशावर बसू नका.

या काळात बोलणं-चालणं सुरू असल्याचा पुरावा जपा. फोन बदलताना चॅट उडतात, त्याआधी काढून ठेवा.

## टप्पा ७ : मुंबईची तयारी

क्रम असा ठेवा. आधी डीएस-१६०, म्हणजे मुलीचा व्हिसाचा अर्ज, ऑनलाइन भरायचा, वैवाहिक स्थिती अविवाहित, नाव पासपोर्टप्रमाणे. त्याचं पुष्टीपत्र छापून ठेवा. मग २६५ डॉलरची व्हिसा फी आणि तारखा.

पोलीस क्लिअरन्स. इथं हमखास चूक होते. पोलीस ठाण्यातून किंवा अधीक्षक कार्यालयातून नोकरीसाठी मिळतो तो चारित्र्याचा दाखला चालत नाही. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर पीसीसीसाठी अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे. दाखला पासपोर्ट कार्यालय देतं, पोलीस फक्त पडताळणी करतात. वयाच्या १६ व्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्या देशात ६ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. दुबईतल्या नोकरीचे दिवस सांगायचे राहून जातात.

आय-१३४. मुलाचं हमीपत्र. के-१ साठी त्याचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १०० टक्के हवं. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हीच अट १२५ टक्क्यांची होते, म्हणून आत्ताच १२५ धरून पाहा. करविवरण, पगारपत्रकं, बँकेचं पत्र सोबत.

वैद्यकीय तपासणी. फक्त वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरकडे. लातूरच्या एमडीचं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी नाही. छातीचा एक्स-रे असतो. पूर्वी क्षयाचा उपचार झाला असेल तर जुनी फाईल, एक्स-रे, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केल्याचा कागद घेऊन जा, लपवू नका, डाग दिसतोच. शंका आली तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याच्या निकालाला ८ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. लसींची कार्डं न्या. या टप्प्यावर लसी सक्तीच्या नाहीत, पुढे ग्रीन कार्डला लागतातच. लिफाफा बंद मिळाला तर तो फोडू नका.

बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रावर, मुलाखतीच्या आधी. देवगिरी किंवा नंदीग्रामनं पहाटे उतरून थेट रांगेत उभं राहायचा बेत करू नका, गाडी दोन तास लेट झाली की सगळं हुकतं. मुंबईत आदल्या दिवशी पोचा.

## टप्पा ८ : मुलाखत

वांद्रे-कुर्ला संकुलात. मोबाइल आत नेता येत नाही, तो सोबतच्या माणसाकडे ठेवा. नातेवाईक बाहेरच.

विचारतात ते साधं असतं. कसं जमलं? तो काय करतो? त्याच्या घरी कोण कोण? आधीचं लग्न का मोडलं? लग्न कुठं करणार? वडील, भाऊ आणि एजंट मिळून मुलीकडून चाळीस उत्तरं पाठ करून घेतात, आणि एकेचाळिसावा प्रश्न आला की ती गप्प. पाठांतर नको. त्याच्याशी रोज फोनवर खरंच बोलत असेल तर तिला सगळं माहीत असतं. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोलायचंय असं आधीच सांगावं. मोडक्या इंग्रजीत चुकीचं उत्तर देण्यात काही मोठेपणा नाही.

‘२२१(जी)’ लिहिलेला कागद हाती आला तर तो बहुतेकदा अंतिम नकार नसतो. काहीतरी कागद कमी आहे किंवा तपास बाकी आहे. मागितलंय तेवढंच, सांगितलेल्या मार्गानं द्या.

सावधान : पासपोर्ट व्हिसासह हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट, नोकरीचा राजीनामा आणि गावजेवण, तिन्ही थांबवा.

## टप्पा ९ : कधी उडायचं, आणि उतरल्यावर

व्हिसा जास्तीत जास्त ६ महिन्यांचा आणि एकदाच प्रवेशाचा असतो. ९० दिवस मोजायचे ते उतरल्यापासून. ते म्हणजे तीन महिने नव्हेत, जुलै-ऑगस्टला ३१-३१ दिवस असतात. मुदत वाढत नाही, आणि या व्हिसावरून दुसऱ्या व्हिसावर बदलताही येत नाही.

आता पंचांग काढा. आषाढी एकादशीच्या सुमारास मुलगी उतरली आणि घरच्यांनी ‘तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त धरू’ म्हटलं, तर चातुर्मासाचे चार महिने मध्ये येतात. ९० दिवस त्याआधीच संपतात. एकतर कार्तिकी झाल्यावर उडा, नाहीतर तिकडच्या काउंटी कार्यालयात परवाना काढून आधी कायद्याचं लग्न करा आणि विधी मुहूर्त पाहून नंतर करा. सरकारला अंतरपाट लागत नाही, विवाहाचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या.

लग्नानंतर लगेच आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज. फी १,४४० डॉलर, ती आधीच बाजूला काढा. सोबत कामाच्या परवान्यासाठी आय-७६५ आणि प्रवास परवान्यासाठी आय-१३१. प्रवास परवाना हातात येण्याआधी देश सोडला तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. भावाचं लग्न, पहिली दिवाळी, कुणाचं दुखणं-खुपणं, काहीही असलं तरी. मुलगी निघण्याआधीच हे तिच्या आईवडिलांना समजावून सांगा, नाहीतर नंतर फोनवर रडारड होते आणि जावयाला बोल लागतो.

ग्रीन कार्ड मंजूर होताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर पहिलं कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे पुढच्या कार्डासाठीचा अर्ज, भरायचा. त्यासाठी घरभाड्याचा करार, बँक खातं, विमा, वीजबिल यांवर पहिल्या महिन्यापासून दोघांचीही नावं लावून घ्या.